मामल्याचे उंदीर आणि वेल्लोरची चिचुंद्री

गेल्या दिवाळीच्या आधी जुन्या मोंढ्यातलं, म्हणजे धान्यबाजारातलं, आमच्या आडतीचं गोदाम बऱ्याच वर्षांनी उघडलं. धंदा जाधववाडीला गेला तेव्हापासून त्याला कुलूपच होतं. शटर अर्धं वर गेलं आणि तो वास आला. ज्वारीचा कोंडा, दमट बारदाना आणि त्याच्या तळाशी काहीतरी आंबूस, उग्र. मोंढ्यात वाढलेल्या माणसाला हा वास समजावून सांगावा लागत नाही. थप्पीच्या कडेनं काळ्या तांदळासारख्या लेंड्या पसरल्या होत्या. पोत्यांना पडलेल्या भोकांतून सुतळ्या लोंबत होत्या. वडिलांच्या वेळचे आमचे हमालमामा, सत्तरीला आलेले, खराटा घेऊन आत शिरले आणि त्यांनी पहिला फटकारा मारला. शटरखालून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धुळीचा लोट उठला.

"मामा, खराटा खाली ठेवा!" मी ओरडलो.

"का ओ भाऊ? जनावर निघालं का?"

साप असता तर सांगणं सोपं होतं. त्या उन्हात तरंगणाऱ्या धुळीची मला भीती वाटते, हे त्यांना कसं सांगायचं याचा विचार करत मी उभा राहिलो. या भीतीला तीस वर्षांचा इतिहास आहे.

१९९४ च्या सप्टेंबरात मी अकरावीला होतो. तेव्हाच्या औरंगाबादेत लोक प्लेगच्या भीतीनं नाकाला रुमाल बांधून फिरत होते, आणि टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल औषधाच्या दुकानांत मिळेनाशा झाल्या होत्या. वडिलांनी गोदामात कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केला. आजी मात्र शांत होती. तिला त्या तापाचं नाव पाठ होतं, 'गाठीचा ताप'. गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचं, हा तिच्या लेखी त्यावरचा एकमेव इलाज. तिनं सुचवलंही. आम्ही हसलो.

ज्या गावाचं नाव त्या दिवसांत पेपरात रोज येत होतं ते बीड जिल्ह्यातलं मामला. आमच्यापासून बीड सव्वाशे किलोमीटर, म्हणजे मोंढ्याच्या हिशेबात शेजारच. ऑगस्टच्या सुरुवातीला तिथे उंदीर पडू लागले. 'उंदीर पडणे' हा प्लेगच्या काळातला जुना शब्दप्रयोग. दिवसाढवळ्या, माणसांची भीडभाड न ठेवता उंदीर घरात येऊन झिंगल्यासारखे फिरतात आणि मरतात. जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत आग्र्याच्या साथीतला असाच एक प्रसंग नोंदवलाय. अंगणात दारुड्यासारखा धडपडणारा उंदीर दिसला. दासीनं तो शेपटीला धरून मांजरापुढे टाकला. मांजरानं तोंडात घेतला आणि लगेच सोडून दिला. मांजर मरता मरता वाचलं. दासी वाचली नाही, आणि पाठोपाठ त्या घरातली सात-आठ माणसं गेली. पिसवेचा प्लेगशी संबंध पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवला, त्याच्या पावणेतीनशे वर्षं आधीची ही नोंद आहे. बादशहाच्या नोंदीत सगळं होतं, फक्त पिसू राहिली.

मामल्यात उंदरांपाठोपाठ पिसवांनी उच्छाद मांडला. २६ ऑगस्टला पहिला संशयित रुग्ण नोंदला गेला. देशात १९६६ नंतर प्लेगचा सिद्ध झालेला रुग्ण नव्हता. तरुण डॉक्टरांनी ही गाठ फक्त पुस्तकात पाहिलेली. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. भूकंपानं रानातल्या आणि घरातल्या उंदरांमधली सीमा मोडली, लोक घरं सोडून बाहेर झोपू लागले आणि आतलं धान्य उंदरांना मोकळं झालं, असं स्पष्टीकरण तेव्हा दिलं गेलं. मला ते पटतं, कारण त्यात कुठेतरी धान्याचं पोतं आहे. बीडमध्ये साथीनं माणसं दगावल्याची नोंद नाही. मग सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग म्हणून जे पसरलं त्यानं पन्नासच्या वर बळी घेतले आणि लाखो लोक गाठोडी घेऊन गाड्यांना लटकले. सुरतेची कथा सर्वांना माहीत आहे, ती इथे उगाळत नाही.

मला गुंतवलं ते त्यानंतरच्या भांडणानं. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी तज्ज्ञ समितीनं हा प्लेगच, असा निर्वाळा दिला. पण १९९८ साली सार्वजनिक आरोग्याच्या एका अमेरिकी नियतकालिकात एक लेख आला. लेखक तिघे: एन. एस. देवधर, व्ही. एल. येमूल आणि कल्याण बॅनर्जी. बॅनर्जी हे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे माजी संचालक. लेखाचं शीर्षक मराठीत आणायचं तर 'न झालेला प्लेग'. असं शीर्षक द्यायला धाडस लागतं. सरकारनं, जागतिक आरोग्य संघटनेनं आणि सगळ्या वर्तमानपत्रांनी ज्याला प्लेग म्हटलं, तो नव्हताच, असं ही माणसं चार वर्षांनी थंड डोक्यानं म्हणत होती.

शंकेखोरांचे मुद्दे साधे होते. फुप्फुसाचा प्लेग श्वासातून पसरतो. मग सुरतेहून पळालेल्या लाखोंनी तो गावोगाव का नेला नाही? एकाच खोलीत दहा जण झोपणाऱ्या घरांत तो एकालाच का झाला? आणि सगळ्यात खरमरीत प्रश्न: नाव आधी जाहीर झालं, पण जंतू कुठे आहे? मग दुसरं काय असेल, याची यादी निघाली. लेप्टो, मेलिऑयडोसिस. आणि काहींनी एक नाव घेतलं जे तोवर आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं, हंता.

हे नाव का निघालं ते कळायला एक वर्ष मागे आणि पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला जावं लागतं. मे १९९३ मध्ये अमेरिकेच्या न्यू मेक्सिको भागात नवाहो जमातीचा एक धडधाकट तरुण, धावण्याच्या शर्यतीतला गडी, दम लागून काही तासांत गेला. काही दिवसांपूर्वीच त्याची वाग्दत्त वधूही तशीच गेली होती. फुप्फुसं पाण्यानं भरलेली. तिथल्या डॉक्टरांना पहिल्यांदा ज्या रोगांचा संशय आला त्यांत प्लेग होता, कारण त्या भागातल्या रानउंदरांत प्लेग आजही आहे. निघाला हंता. आधीच्या हंगामात पाऊस भरपूर झाला, पाइनच्या बिया मुबलक आल्या आणि डिअर माऊस नावाचा उंदीर बेसुमार वाढला. विषाणूला तिथल्या दरीचं नाव द्यायचं ठरलं तेव्हा स्थानिकांनी विरोध केला: आमच्या गावाच्या कपाळी हा शिक्का नको. शेवटी स्पॅनिशमध्ये त्याचं नाव पडलं 'सिन नोम्ब्रे', म्हणजे बिननावाचा. मामल्याच्या लोकांना अशी मुभा कुणी दिली नाही. मामला म्हटलं की आजही पुढचा शब्द प्लेग.

म्हणजे १९९३ साली तिकडे प्लेग वाटला आणि हंता निघाला. १९९४ साली इकडे प्लेग जाहीर झाला आणि हंताचा संशय घेतला गेला. अकरावीतल्या मुलाच्या डोक्यात किडा शिरायला एवढं पुरे होतं.

भांडणाचा निकाल तसा लागला आहे. सुरत आणि बीडच्या जंतूंची जनुकीय तपासणी दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी १९९६ साली प्रसिद्ध केली. २००० साली हैदराबादच्या सीसीएमबीनंही जंतू प्लेगचाच असल्याचं दाखवलं. माझं मत विचाराल तर प्लेग होता. पण त्या तिघांनी विचारलेला प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही. त्यांनी पुरावा मागितला, आणि तो त्यांना घोषणेनंतर बऱ्याच काळानं मिळाला. आपल्याकडे साथ आली की आधी नाव येतं, मग मास्क, मग अफवा आणि सगळ्यात शेवटी प्रयोगशाळा.

मार्च २०२० मध्ये हेच पुन्हा पाहिलं. टाळेबंदीच्या त्याच आठवड्यात चीनमध्ये बसनं चाललेला युनान प्रांतातला एक मजूर मेला, त्याच्यात हंता सापडला, आणि आपल्या वाहिन्यांनी 'आणखी एक विषाणू' म्हणून रात्रभर दळण दळलं. मामेभावाचा फोन आला, "आता हे काय नवीन?" नवीन काही नव्हतं. कोरियाच्या युद्धात, पन्नासच्या दशकाच्या आरंभी, तीन हजारांवर सैनिक रक्तस्राव आणि मूत्रपिंड निकामी होणाऱ्या एका तापानं आजारी पडले होते. त्याचं कारण शोधायला पुढं पंचवीस वर्षं लागली. हो वांग ली या कोरियन शास्त्रज्ञानं १९७६ साली पट्टेरी शेतउंदराच्या फुप्फुसाचे काप घेतले, त्यांवर बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातला द्रव टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते काप चमकताना पाहिले. हंतान नदीवरून नाव पडलं.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. ली यांच्या बारा वर्षं आधी, १९६४ साली, तमिळनाडूतल्या वेल्लोरला पकडलेल्या एका चिचुंद्रीच्या शरीरातून एक विषाणू वेगळा केला गेला होता. संशोधक डासांतून पसरणारे विषाणू शोधत होते, म्हणून हाही त्यातलाच असावा अशा अंदाजानं १९७१ साली त्याची नोंद प्रसिद्ध झाली. नाव दिलं वेल्लोरच्या एका वस्तीचं, थोट्टापालयम. मग बाटली शीतपेटीत गेली. पुढे हंताची ओळख पटली, कुळाचे गुणधर्म ठरले, आणि तेव्हा कळलं की ही वेल्लोरची बाटली त्याच कुळातली आहे. प्रयोगशाळेत वेगळा केलेला हा जगातला पहिला हंता. आपल्या हातात होता आणि आपल्याला ठाऊक नव्हतं.

चिचुंद्री उंदीर नाही, हे इथे सांगायला हवं. ती कीटक खाणारी, लांब सोंडेची, भिंतीला अंग घासत चुकचुक करत पळणारी. मोरीतून येते, झुरळं खाते, आणि तिचा वास कपाटात आठवडाभर राहतो. आमच्याकडे दखनीत कुणी नटूनथटून निघालं की म्हणतात, छछुंदर के सर में चमेली का तेल. थोट्टापालयम विषाणूनं माणूस आजारी पडतो असं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे तिच्यामागे झाडू घेऊन धावायचं कारण नाही.

पण वेल्लोरचे लोक तिथे थांबले नाहीत. ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी पुढे माणसांच्या रक्तात हंताविरुद्धची प्रतिपिंडं शोधली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात कुणाचं रक्त घेतलं होतं पाहा: मूत्रपिंडाचे जुने रुग्ण, उंदीर पकडून पोट भरणारे इरुला आदिवासी, आणि धान्य गोदामातले कामगार. प्रतिपिंडं सापडली. तो निबंध वाचताना मला दूरचं वेल्लोर दिसलंच नाही, दिसली आमच्या मोंढ्यातली पाठीवर क्विंटलचं पोतं घेतलेली माणसं.

हंताचा मार्ग प्लेगपेक्षा वेगळा आहे, आणि घोळ तिथेच होतो. प्लेग पिसू आणते. म्हणून तिथे आधी पिसू मारायची, मग उंदीर, नाहीतर थंड पडलेल्या उंदराला सोडून पिसवा तुमच्याकडे येतात. हंताला पिसू लागत नाही. उंदराच्या मुतात, लेंडीत, लाळेत विषाणू असतो; तो वाळतो, धुळीत मिसळतो आणि श्वासातून आत जातो. उंदीर स्वतः ठणठणीत राहतो, त्यामुळे इथे उंदीर पडत नाहीत, कुणी सावध होत नाही. एक ते आठ आठवड्यांनी ताप, कंबर-मांड्या दुखणं. आशियातल्या प्रकारात मूत्रपिंड बसतं, अमेरिकेतल्या प्रकारात फुप्फुस, आणि तिथे दहातले तीन-चार जण जातात. २०२५ च्या फेब्रुवारीत अभिनेते जीन हॅकमन यांची पत्नी बेट्सी अराकावा न्यू मेक्सिकोतल्या घरी गेल्या त्या हंतानंच. नेमकं औषध नाही, वेळेत अतिदक्षता मिळणं एवढंच. माणसाकडून माणसाला तो दक्षिण अमेरिकेतला अँडीज प्रकार सोडला तर जात नाही. आपल्याकडे पावसाळ्यात ताप, प्लेटलेट उतरलेले आणि क्रिएटिनिन चढलेलं असा रुग्ण आला की डेंग्यू बघतात, लेप्टो बघतात; दोन्ही नाही निघालं तर कागदावर 'विषाणूजन्य ताप' लिहिलं जातं. गोदामात काम करता का, हा प्रश्न मी अजून कुणा डॉक्टरच्या तोंडून ऐकलेला नाही.

तर मामांना मी बाहेर बोलावलं. शटर पूर्ण वर, मागचं दार सताड उघडं, आणि अर्धा तास आम्ही टपरीवर. चहा झाल्यावर एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं द्रावण कालवून फवारणीच्या पंपात भरलं. पंप जोरात मारायचा नाही, नाहीतर पुन्हा धूळ उडते; पिकावर मारतो तसा हलका, वरून तुषार. लेंड्या, घरटी, थप्पीची कड सगळं ओलं चिंब. पाच-दहा मिनिटं तसंच मुरू दिलं. मग रबरी हातमोजे घालून ओल्या फडक्यांनी गोळा केलं आणि दोन पिशव्यांत गाठ मारून बांधलं. मेलेले दोन उंदीरही आधी भिजवले, मगच उचलले. खराट्याला त्या दिवशी सुट्टी. भिंतीच्या तळाशी पेन्सिल जाईल एवढी भोकं होती. उंदराच्या पिलाला तेवढी पुरते. त्यांत तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लिंपलं.

मामा सगळं करत होते, पण चेहऱ्यावर नवल होतं. तोंडाला मास्क सरळ करत म्हणाले, "भाऊ, चाळीस वर्षं ही धूळ खाल्ली. मला काय झालं?"

काही झालं होतं की नाही, कसं सांगणार? त्यांना मधल्या काळात ताप आले असतील, गेले असतील. कुणी मोजले?

तेवढ्यात बारदान्याच्या ढिगाखालून एक चिचुंद्री निघाली, भिंतीला घासत कोपऱ्यापर्यंत गेली आणि मोरीत नाहीशी झाली. मामांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते ओल्या पोत्याचा कोपरा चिमटीत धरून रंग बघत होते.

"ह्या पाण्यानं बारदाना पांढरा पडतोय बघा," ते म्हणाले. "आता ह्याला गिऱ्हाईक कोण मिळणार?"