भाकरी चावताना जबडा दुखतो?

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हा सोलापूरकरांच्या जिव्हाळ्याचा विषय. पण हीच भाकरी चावताना कानापुढे कळ येऊ लागली, की माणूस दाढेला दोष देतो आणि लवंग धरून बसतो. तेवढ्याने भागले नाही, तर कानात तेल घातले जाते. पुष्कळदा दुखणे दाढेचे नसते आणि कानाचेही नसते. ते जबड्याच्या सांध्याचे असते.

कानाच्या अगदी पुढे बोटे ठेवून तोंड उघडा आणि मिटा. बोटांखाली हलतो तोच हा सांधा. त्यात दोन हाडांमध्ये एक मऊ चकती असते. गाल आणि कानशिलाचे स्नायू तो चालवतात. रात्री झोपेत दात खाणे, काळजीने दात आवळून धरणे, एकाच बाजूने चावणे किंवा दिवसभर सुपारी चघळणे यामुळे हे स्नायू थकतात व दुखू लागतात. सांध्यात नुसता ‘कट्’ असा आवाज येत असेल, पण दुखत नसेल, तर घाबरू नये.

उपाय साधा आहे; जबड्याला विश्रांती द्या. दोन आठवडे कडक भाकरी, ऊस, फुटाणे बाजूला ठेवा. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खा. लहान घास घ्या, दोन्ही बाजूंनी चावा. दुखऱ्या जागी कोमट ओल्या फडक्याने दहा मिनिटे शेका. जांभई देताना हनुवटीखाली हात धरा. जेवण सोडून एरवी वरचे व खालचे दात एकमेकांना टेकू देऊ नका. रात्री दात खाण्याची सवय असल्यास दंतवैद्य दातांवर बसणारी प्लेट करून देतात.

मात्र सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्यांनी एक परीक्षा जरूर करावी. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, ते पाहा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, गालाची आतली त्वचा पांढुरकी व ताठ लागत असेल, तर हे सांध्याचे दुखणे नव्हे. सुपारीमुळे आतल्या कातडीत ताठ तंतू तयार होतात. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण धोका सुपारीतही आहे. ती वेळीच सोडली तर रोग बहुधा थोपतो; आवळलेले तोंड मात्र आपोआप मोकळे होत नाही.

दोन आठवड्यांत आराम न पडल्यास, जबडा अडकल्यास किंवा गालावर सूज आल्यास दंतवैद्याला दाखवा. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखत असेल आणि छातीत दडपण, घाम येत असेल, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. जखम झाल्यावर जबडा ताठरला, तर धनुर्वाताची शंका घ्यावी. अशा वेळी शेकत न बसता तातडीने मोठे रुग्णालय गाठावे.

दुखणाऱ्या जबड्याला थोडी विसावा द्या, कडक भाकरी पुन्हा चाखता येईल. तोंड कमी उघडत असेल, तर मात्र उद्यावर ढकलू नका.