लादीला सीलर कधी लावायचा?

कोकणात घराचं कुठलंही काम काढा, त्याची डेडलाईन एकच असते : गणपती! रत्नागिरीजवळ आमच्या काकांनी हौसेने पांढऱ्याशुभ्र, चकचकीत टाईल्स बसवल्या. चतुर्थी तोंडावर आलेली, गवंडी घाईत. त्याने सांध्यांत गडद करडा ग्राउट भरला, वरून ओलं फडकं फिरवलं आणि तो मोकळा झाला. लादी सुकली, तर प्रत्येक टाईलच्या कडेला करडे ओरखडे! काका म्हणाले, "काय रे, सिव्हिलला आहेस ना तू? मग हे कसं झालं ते सांग."

तेव्हा सांगता आलं नाही. आता सांगतो.

पोर्सेलिन टाईल म्हणजे आपल्या दुकानांत जिला 'व्हिट्रिफाइड' म्हणतात ती. आयएसओ १३००६ प्रमाणे तिचं पाणी शोषण वजनाच्या ०.५ टक्क्यापेक्षा जास्त नसतं. म्हणजे १० किलोची टाईल फार तर ५० ग्रॅम पाणी पिणार. मग सीलर हवाच कशाला?

ग्लेझ्ड टाईलला नकोच. वर काचेसारखा थर असतो, सीलर आत शिरत नाही आणि नुसता चिकट पापुद्रा राहतो. घोळ होतो तो ग्लेझ नसलेल्या पॉलिश्ड टाईलमध्ये. भाजताना आत राहिलेली बारीक बंद छिद्रं घासताना कापली जातात आणि त्यांची तोंडं उघडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण ग्राउटचा रंग आणि आपली तांबडी माती त्यांना बरोब्बर शोधते! काही टाईल्सची छिद्रं कारखान्यातच नॅनो कोटिंगने भरलेली असतात.

आपली टाईल कुठली, हे कसं ओळखायचं? उरलेला तुकडा घ्या. वर मेण असेल तर काढा. पाण्याचा थेंब टाकून १५ मिनिटांनी पुसा. खाली गडद डाग दिसला तर ती शोषते. दिसला नाही तरी थोडा ग्राउट फासून, सुकवून, पुसून बघा. खरी परीक्षा तीच.

शोषणारी टाईल असेल तर क्रम असा :

१) टाईल बसवा, खालचा माल घट्ट होऊ द्या. लादी पुसून पूर्ण सुकवा.

२) ग्राउटच्या आधी आत मुरणारा सीलर टाईलच्या पृष्ठभागावर लावा. सांध्यात जाऊ देऊ नका, नाहीतर ग्राउट कडांना धरणार नाही. जास्तीचा सीलर डब्यावर दिलेल्या वेळेत पुसा.

३) आता ग्राउट भरा.

४) सिमेंटचा ग्राउट पक्का होऊन सुकला की सांध्यांना सीलर लावा. साधारण तीन दिवस तरी थांबा. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत आणखी थांबा. ओल असताना लावला तर तो नीट मुरत नाही. इपॉक्सी ग्राउट असेल तर ही पायरी नकोच.

आणि डाग पडलाच, तर लगेच अ‍ॅसिड ओतू नका. आमच्या गवंड्याने तेच केलं. अ‍ॅसिड सिमेंट खातं. छिद्रांतला रंग काही गेला नाही, सांधे मात्र भुसभुशीत झाले.

एका दिवसाचं आणि एका डब्याचं काम होतं. आता काकांकडे गणपतीत आरतीआधी सतरंजी अंथरतात. पाहुण्यांना वाटतं, बसायची सोय केली आहे!