ट्रॅक्टर ‘ऑइल खातो’ तेव्हा

मे महिन्यात अमरावती-अकोल्याच्या काळ्या शिवारात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि उन्हाळी नांगरटी सुरू असतात. उडणाऱ्या धुळीत ट्रॅक्टर तासन्‌तास चालतो. मृगाच्या तोंडावर तोच ट्रॅक्टर निळा धूर सोडू लागला, की मेकॅनिक सांगतो, ‘इंजिन ऑइल खातंय.’ म्हणजे नेमके काय होते?

सिलिंडरच्या लायनरमध्ये पिस्टन वरखाली होतो. त्यावरच्या रिंगा जळत्या वायूला खाली निसटू देत नाहीत आणि भिंतीवरचे जादा तेल खरवडतात. पिस्टन वेगात असताना तेलाचा पातळ थर रिंगेला भिंतीपासून दूर ठेवतो. पण वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबून उलटा फिरतो. तिथे उष्णता आणि दाब मोठा, वेग मात्र शून्य. थर अगदी विरळ होऊन धातूला धातू घासतो. मिनिटाला २,००० फेऱ्या असतील, तर हे मिनिटाला २,००० वेळा घडते. म्हणूनच जुन्या लायनरच्या वरच्या भागात नखाला लागणारी कडा तयार होते.

ही झीज सावकाश होते; धूळ तिला कित्येक पटींनी वाढवते. धुळीतले सिलिकाचे कण बिडाच्या लोखंडापेक्षा कठीण असतात. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन. त्याहून कितीतरी बारीक कणही तेलात मिसळून पॉलिश पेपरसारखे काम करतो. मग रिंगा सैल होतात, तेल वर चढून जळते, वायू खाली उतरून ब्रीदरमधून धूर येतो, सकाळी इंजिन लवकर सुरू होत नाही.

तेलाची पातळी रोज बघतात. एअर क्लीनर मात्र विसरला जातो. ऑइल बाथ प्रकारात वाटीतले तेल गाळाने घट्ट झाले, तर वाटी धुऊन खुणेपर्यंत नवे तेल भरावे. कागदी फिल्टर आपटून किंवा जोराच्या हवेने साफ करू नये, कागद फाटतो. फिल्टरपासून इंजिनपर्यंतचा रबरी पाइप चिरलेला किंवा क्लॅम्प सैल असेल, तर धूळ फिल्टरला वळसा घालून थेट आत जाते. जाड ऑइल ओतल्याने धूर काही दिवस कमी दिसेल, पण घासलेला लायनर भरून येत नाही.

ऐन पेरणीत इंजिन उतरवण्यापेक्षा नांगरटीच्या दिवसांत रोज सकाळी, इंजिन बंद असताना, पाच मिनिटे एअर क्लीनरला दिलेली बरी.