स्मृतिभ्रंश, सांभाळ आणि उंबऱ्याबाहेरची आठवण

म्हातारपणी माणसाला सगळेच विसरायला होते, असे आपण सहज म्हणून जातो. ते अर्धेच खरे आहे. अल्झायमरच्या विकारात मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग, जो नव्या आठवणी रुजवतो, तो सहसा सुरुवातीलाच झिजू लागतो. म्हणून सकाळी काय खाल्ले ते दुपारी आठवत नाही. नातवाचे नाव जाते, मग मुलाचे. परंतु दहाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंत माणूस जे जगला, ते पुष्कळ उशिरापर्यंत टिकून राहते. म्हणजे हा रोगी विसरत विसरत आपल्या तरुणपणाकडे, बालपणाकडे मागे चालत जातो.

प्रश्न असा, की मागे जाऊन तो पोहोचतो कुठे?

अशा माणसांना सांभाळणाऱ्या निवासी गृहांचे शास्त्र गेल्या काही दशकांत खूप बदलले. पूर्वी रोग्याला खाटेला बांधणे, गुंगीचे औषध देणे, 'आज कोणता वार?' असे रोज विचारून त्याला शरमिंदे करणे, एवढाच सांभाळ होता. नेओमी फाइल या बाईंनी वेगळे सांगितले. त्या १९३२ साली म्युनिकमध्ये जन्मल्या. नाझींच्या भयाने कुटुंब अमेरिकेला गेले, आणि आईवडील जिथे काम करीत त्या वृद्धाश्रमातच त्या वाढल्या. रोग्याला आजच्या तारखेला ओढून आणू नका, तो ज्या काळात आहे त्या काळातली त्याची भावना खरी माना, हे त्यांचे म्हणणे. इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या टॉम किटवुड यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात पुढची पायरी मांडली. माणूस आधी, रोग नंतर. रोग्याच्या समोर त्याच्याविषयी तो नसल्यासारखे बोलणे, त्याला घाई करणे, लेकरासारखे दटावणे, या वागणुकीनेही माणूस खचतो, असे त्यांनी दाखवले. समोर असून नसल्यासारखे वागवले जाणे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

यातूनच आजची चांगली गृहे उभी राहिली. भिंतीवर जुनी छायाचित्रे, कोपऱ्यात जुना रेडिओ, तरुणपणीची गाणी. हे सगळे चांगलेच आहे. पण त्याच्या तळाशी एक गृहीत आहे. भूतकाळ ही उबदार जागा आहे, तिथे परत गेलेल्या माणसाला बरे वाटते, असे ते गृहीत.

माझी आत्या १९४२ साली अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यात, गावकुसाबाहेर जन्मली. लग्नानंतर शहरात आली, तीस वर्षे शाळेत शिपाई होती, विटांचे घर बांधले. पाहुण्याला चहा द्यायचा तो चांगल्या कपबशीतच, हा तिचा हट्ट. दोन वर्षांपूर्वी दिवसा तिच्याजवळ थांबणारे घरात कोणी उरले नाही, तेव्हा आम्ही तिला शहरातल्या एका देखभालगृहात ठेवले. आठवड्यातच फोन आला : आत्या जेवणाच्या खोलीत येत नाहीत.

मी गेलो तेव्हा ती उंबऱ्याबाहेर फरशीवर बसलेली होती. पेला पुढे केला की मागे सरकत होती. दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरून म्हणत होती, "वरून वाढ वो माय, वरून." तिथली तरुण नर्स तिला वरून पाणी घालीत होती. रोग्याच्या काळात शिरा, त्याला खोडू नका, असे तिला शिकवले होते आणि तिने तसेच केले. तिच्यावर रागावता येईना. मग मीच मोठ्याने म्हणालो, "आत्या, ते दिवस गेले आता! ऊठ, आत चल." ती आणखीच घाबरली. माझा हात धरून म्हणाली, "हळू बोल बापा, मारतीन."

तेव्हा माझ्या लक्षात आले, की दोन्ही वाटा बंद आहेत. तिच्या काळात शिरून वरून पाणी घालायचे, तर आपण तिच्या अपमानात सामील होतो. आजचे सत्य तिच्या तोंडावर फेकायचे, तर तिच्या भयात भर घालतो. पुस्तकातला 'जुन्या काळात सोबत करा' हा नियम इथे अडतो, कारण त्या काळात आमच्यासाठी जागाच उंबऱ्याबाहेर होती.

वाट काढली ती तिथे रात्रपाळीला असलेल्या मावशींनी. त्या आत्याशेजारी फरशीवर बसल्या. तांब्या तोंडाला लावून आधी स्वतः प्याल्या, मग तोच तांब्या तिच्या हातात दिला. आत्याने विचारले, "तू कोनाची वो?" मावशी म्हणाल्या, "आपलीच आहो, आत्याबाई." ती प्याली. थोड्या वेळाने दोघी आत गेल्या. मावशींनी तिची आठवण खोटी पाडली नाही. त्या आठवणीत एक माणूस जास्त बसवला, एवढेच.

दुसऱ्या दिवशी आत्या पुन्हा उंबऱ्याबाहेर! मग याचा उपयोग काय? याचे उत्तर अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या २०१४ सालच्या एका प्रयोगात सापडते. अल्झायमरच्या रोग्यांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात काय पाहिले ते बहुतेकांना सांगता येईना, पण चित्रफितीने उठवलेली भावना मनात तशीच होती. म्हणजे प्रसंग पुसला जातो, त्याची कळ किंवा त्याचा दिलासा मागे राहतो. ज्या गृहात दिवसातून चार वेळा तुसडेपणा वाट्याला येतो, तिथला रोगी कारण न कळता दिवसभर भ्यालेला असतो. आम्हालाही महिन्याभराने दिसले, की ती उंबऱ्यापाशी थांबायची, पण मागे सरकायची नाही.

जुनी आठवण हीच जखम असलेले लोक जगात आपणच नाही. कॅनडात टोरंटोच्या बेक्रेस्ट या ज्यू संस्थेत नाझी छळछावण्यांतून वाचलेली अनेक माणसे म्हातारपणी आली. स्मृतिभ्रंश झाला आणि ती पुन्हा छावणीत जाऊन पोहोचली. न्हाणीघरातला फवारा, रांगेत उभे राहणे, गणवेशातला माणूस, कुत्र्याचे भुंकणे, यांनी ती थरथरू लागत. पावाचे तुकडे उशीखाली लपवीत. तिथल्या अनुभवातून २००३ साली सेवकांसाठी एक मार्गदर्शिका निघाली. तिचा इत्यर्थ असा, की आधी या माणसाचा इतिहास जाणून घ्या, मग त्याला हात लावा. दोन यातनांची तुलना करण्याचा हेतू नाही. तशी तयारी तिथे एका समाजाने आपल्या म्हाताऱ्यांसाठी केली, आपण केलेली नाही, इतकेच म्हणायचे आहे.

आपल्याकडे प्रवेशाच्या वेळी एक फॉर्म भरून घेतात. व्यवसाय, शिक्षण, छंद, आवडते पर्यटनस्थळ! रस्त्यावर खडी फोडलेल्या बाईचा छंद काय लिहावा? तिथे विचारायला हवे ते असे : हातांना कोणते काम येत होते, घरात कोणत्या नावाने हाक मारीत, कोणत्या आवाजाला दचकतात, पाणी कुठून आणीत आणि कोण देत असे. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. ते आपण साहित्य म्हणून वाचतो. नर्सच्या शिक्षणात ते असते, तर त्या मुलीने ओंजळीचा अर्थ ओळखला असता. आणि आपणही कबूल करावे, की हा फॉर्म भरायला बसलो तेव्हा मला निम्म्या रकान्यांचे उत्तर ठाऊक नव्हते. आमच्या म्हाताऱ्यांनी आम्हाला झळ लागू नये म्हणून सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही.

नेदरलँड्समध्ये वेस्प इथली होगेवेक ही वसाहत या क्षेत्रात आदर्श म्हणून दाखवली जाते. सहा-सात जणांचे एकेक घर, आत दुकान, उपाहारगृह, नाट्यगृह, आणि वसाहतीत हवे तिथे फिरण्याची मोकळीक. खर्चाचा मोठा भाग सार्वजनिक पैशातून भागतो, हे विशेष. सुरुवातीला तिथली घरे सात जीवनशैलींप्रमाणे वाटली होती : कारागिरांची, उच्चभ्रूंची, धार्मिकांची, इंडोनेशियाच्या जुन्या वसाहतीतून आलेल्यांची वगैरे. सारख्याला सारखा शेजार मिळाला की जीव रमतो, हे खरेही असेल. पण ही कल्पना जशीच्या तशी आपल्याकडे आली, तर 'जीवनशैली' या शब्दाखाली काय भरती होईल हे सांगायला ज्योतिषी नको. खोली भाड्याने शोधताना 'फक्त शाकाहारी' ही अट आपण ऐकलेली आहे.

आकड्यांकडे पाहिले तर हा आपल्याच वस्त्यांचा प्रश्न आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरापेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. लहानपणी शाळा न मिळणे हे या रोगाचा धोका वाढवणारे एक कारण, असे लॅन्सेट आयोगानेही मांडले आहे. ज्यांना शाळेच्या बाहेर ठेवले त्यांच्याकडून म्हातारपणी ही दुसरी वसुली!

आणि सोय? ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचे कलम १९ सांगते, की राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांसाठी आश्रम काढू शकेल. 'काढू शकेल', काढलाच पाहिजे असे नव्हे. साध्या वृद्धाश्रमात जावे, तर दारातच सांगतात : स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश. खाजगी गृहाची महिन्याची फी शिपायाच्या पेन्शनमध्ये बसत नाही. आम्ही चार भावंडे मिळून भरतो. तिथे मलमूत्र काढणाऱ्या मावशी कोणत्या वस्त्यांतून येतात आणि त्यांना किती पगार मिळतो, हे एकदा विचारून पाहावे. आत्याला आत आणणाऱ्या मावशी बारा तासांची पाळी करतात, आणि रजा घेतली की त्या दिवसाचा पगार कापला जातो. करुणा ही गोष्ट गृहाच्या माहितीपत्रकात छापलेली असते. तिचा भार मात्र या बायकांवर असतो.

आत्याच्या त्याच वयातली दुसरीही एक आठवण आहे. १९५६ च्या ऑक्टोबरात, चौदा वर्षांची असताना, ती आईबापांबरोबर नागपूरला गेली होती, पांढरे लुगडे नेसून. हे आम्हाला थोरल्या चुलत्यांकडून कळले. या दिवाळीपूर्वी आम्ही एक पांढरे पातळ तिथे नेऊन दिले आणि 'छंद' या रकान्यात ती हकीकत लिहिली. आता ती उंबऱ्यापाशी अडली, की मावशी ते पातळ तिच्या मांडीवर ठेवतात आणि विचारतात, "आत्याबाई, नागपूरले कशा गेल्या होत्या?" कधी ती ओळखत नाही. कधी ओळखते, आणि गाडीत किती गर्दी होती ते सांगत सांगत आत येऊन बसते.