पाच एकरांचा आलेख

चिखली तालुक्यात खरिपाला सोयाबीन आणि तूर ही नेहमीची पिकं. समजा, शेत पाच एकर. सोयाबीन 'स' एकर, तूर 'त' एकर. सगळं रान पेरलंच पाहिजे असं नाही, म्हणून स + त ≤ ५.

'स' आडव्या अक्षावर, 'त' उभ्या. आधी स + त = ५ ही रेषा काढा: (५, ०) आणि (०, ५) जोडले की झालं. पूर्ण पाच एकरही चालतात, म्हणून रेषा अखंड. नुसतं < असतं तर तुटक. रंगवायची बाजू कोणती? (०, ०) घालून पाहा. ० ≤ ५ खरं, म्हणजे आरंभबिंदूकडची. चिन्ह पाहून अंदाजानं बाजू ठरवणं धोक्याचं. उणे संख्येनं भागलं की चिन्ह उलटतं. रेषा आरंभबिंदूतूनच जात असेल तर दुसरा बिंदू घ्या.

आता खर्च एकरी १२ आणि ८ हजार, हाताशी ४८ हजार धरा: १२स + ८त ≤ ४८. दोन्ही रेषा (२, ३) वर छेदतात. उणे एकर नसतात, त्यामुळे पहिल्या चरणातला, दोनदा रंगलेला चौकोनच कामाचा. त्याचे कोपरे (०, ०), (४, ०), (२, ३), (०, ५). दोन्ही पिकांचा एकरी नफा ठरलेला असेल तर सर्वाधिक नफा यांतल्याच एखाद्या कोपऱ्यावर मिळतो. जॉर्ज डान्ट्झिग यांची १९४७ची सिम्प्लेक्स पद्धत अशीच कोपऱ्याकोपऱ्यानं पुढे सरकते.