खताची पारख

लोणावळ्यास हवा खाण्यासाठीं जाणाऱ्या आपणांपैकीं पुष्कळांनीं वाटेवर कुसगांवचीं भातखाचरें पाहिलीं असतील. आषाढांत तेथें लावणीची घाई असते. चिखलणीच्या सुमारास शेतकरी खताचें पोतें विकत आणतो. पण तें खरें कीं खोटें, हें त्याला पुष्कळदां भात निसवूं लागेपर्यंत उमगत नाहीं. तोंपर्यंत हंगाम हातचा गेलेला असतो. म्हणून पारख करावयाची ती खत खाचरांत पडण्यापूर्वींच.

लबाडांची दृष्टि परदेशांतून येणाऱ्या महाग खतांवर कां असते? डीएपीचा मोठा भाग आपल्याकडे बोटींनीं येतो. त्यांत शेंकडा १८ नत्र व ४६ स्फुरद, म्हणजे ५० किलोंच्या पोत्यांत ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद असतें. साध्या सुपर फॉस्फेटच्या तेवढ्याच पोत्यांत स्फुरद अवघें ८ किलो, आणि नत्र मुळींच नाहीं. दाणे मात्र दिसावयास सारखे! स्वस्त दाणे महाग पोत्यांत भरले कीं काम झालें.

ही लबाडी ओळखण्यास चुना आणि तवा पुरेसा आहे. तंबाखू मळतात त्याप्रमाणें डीएपीचे कांहीं दाणे चुन्याबरोबर तळहातावर चोळावे. नाकास झोंबणारा उग्र दर्प सुटला पाहिजे. पण भेसळींत थोडें खरें खत असलें तरी हा दर्प येतोच. म्हणून दहावीस दाणे तव्यावर मंद आंचेनें तापवावे. डीएपीचे दाणे फुगतात, सुपर फॉस्फेटचे फुगत नाहींत. रंगावर विसंबूं नये. अस्सल डीएपीही निरनिराळ्या रंगांचें असतें. युरिया पाण्यांत पूर्ण विरघळतो व तें पाणी हातास गार लागतें. पोटॅशचे दाणे ओलाव्यानें एकमेकांस चिकटत नाहींत. मात्र त्यांत मीठ मिसळलें असल्यास घरगुती परीक्षा थिटी पडते. तेथें प्रयोगशाळाच हवी.

पोतेंही नीट वाचावें. शिवण यंत्राची असावी. हातशिलाई असल्यास शिशाचें सील हवें. आयात करणाराचें नांव, घटकांचें प्रमाण, निव्वळ वजन आणि कमाल किंमत छापलेली असावी. सरकारी अनुदानाच्या खतांच्या पोत्यांवर २०२२ पासून ‘भारत’ हें एकच नांव ठळक असतें. तेव्हां परदेशी नांवाच्या झगमगाटास भुलूं नये.

शंका आल्यास रिकामें पोतें जपून ठेवावें, उरलेलीं पोतीं उसवूं नयेत, आणि वडगांव मावळच्या पंचायत समितींतील कृषि अधिकाऱ्यांस कळवावें. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशान्वयें निरीक्षकास नमुने घेण्याचा अधिकार आहे, आणि ते तपासणारी सरकारी प्रयोगशाळा पुण्यासच आहे.

परंतु तक्रारीस पावती लागते, आणि घोडें अडतें तें तेथेंच. खत उधारीवर घेतलेलें असलें म्हणजे, ज्याचें देणें आहे त्याच्यापाशीं पावती मागावयास जीभ रेटत नाहीं. श्रोतेहो, आपणांपैकीं ज्यांचीं शेतें मावळांत वाट्यानें दिलेलीं आहेत, त्यांनीं आपल्या वाट्याचे पैसे मृगापूर्वींच रोख पोंचते करावे. रोखीनें घेणाराला पावती मागण्यास संकोच वाटत नाहीं, आणि पावती हातीं असणाराला फसविणें दुकानदारास सोपें जात नाहीं.