‘कुंकू’चं हिंदी भावंड

‘दुनिया न माने’ (१९३७) पुण्याच्या ‘प्रभात’नं मराठी ‘कुंकू’च्या जोडीनंच काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ कादंबरीवरची. म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात फसवून बांधलेली नायिका (शांता आपटे) त्याला नवरा मानायलाच नकार देते. नुसती रडत बसत नाही, हे त्या काळच्या पडद्यावर नवलच! पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाजच ते काम करतात. भिंतीवरचं जुनं घड्याळ तर वकील काकासाहेबांचं (केशवराव दाते) दुसरं रूपच. त्यांच्या विधवा लेकीच्या भूमिकेतल्या शकुंतला परांजपे पडद्याबाहेर संततिनियमनाच्या कार्यकर्त्या होत्या.